पाताळपेठ उभी करताना: काल्पनिक जागांसाठी झटपट कच्ची रेखाटनं

एक ए-फोर कागद आडवा धरा. त्यावर ६ सेंटिमीटर रुंद आणि ४ सेंटिमीटर उंच अशा बारा चौकटी आखा, एका ओळीत चार, अशा तीन ओळी. दोन चौकटींच्या मध्ये बोटभर जागा ठेवा आणि प्रत्येकीखाली तीन-चार शब्द मावतील इतकी. कथेतलं, खेळातलं किंवा चित्रकथेतलं कुणी न पाहिलेलं गाव उभं करायचं असेल, तर काम या कागदापासून सुरू होतं.

चौकट मुद्दाम लहान ठेवायची. ६ सेंटिमीटरमध्ये नक्षी काढताच येत नाही, कमानीवरची फुलं येत नाहीत, विटा मोजता येत नाहीत. मग हाताला फक्त मोठ्या गोष्टी उरतात: उंच काय, खोल काय, उजेड कुठे, माणूस कुठून कुठे जातो. जागा याच गोष्टींनी ठरते. पूर्ण कागदावर थेट सुरुवात केली की बहुतेकांचे दोन तास एका वेशीच्या दारावर जातात. दार सुरेख होतं, पण वेशीच्या आत काय आहे ते काढणाऱ्यालाच ठाऊक नसतं.

पुढची सगळी उदाहरणं एकाच कल्पित गावाची आहेत. गावाचं नाव पाताळपेठ. ते बडोद्यातल्या आणि आसपासच्या जागांवरून सुचलेलं आहे, म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी त्या जागा जाऊन पाहाव्यात.

आधी एक नियम लिहा

पेन्सिल उचलण्याआधी एक वाक्य लिहायचं, ज्यात त्या जगाचा एकच विलक्षण नियम असेल. पाताळपेठेचा नियम असा: *इथले लोक जमिनीवर राहत नाहीत, जमिनीत खोल उतरत गेलेल्या एका प्रचंड बारवेत राहतात, आणि दर पावसाळ्यात पाणी चार मजले वर चढतं.*

गुजरातेत जिला वाव म्हणतात आणि मराठवाड्यात बारव, तीच ही पायऱ्यांची विहीर, फक्त गावाएवढी मोठी.

एका वाक्यात दोन-तीन चमत्कार कोंबू नका. तरंगते डोंगर, दोन चंद्र आणि काचेची झाडं एकत्र आली की चित्रात काहीच विलक्षण राहत नाही, कारण तुलनेला साधं काही उरत नाही. एक नियम मोडा आणि बाकी सगळं आपल्या जगासारखं चालू द्या. पाणी खालीच वाहील, दगड जडच असेल, माणसाला सावली हवीच असेल.

मग या नियमाला पाच प्रश्न विचारा आणि प्रत्येकाचं उत्तर एका ओळीत लिहा. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं? बांधायला जवळ काय मिळतं? ऊन कुठून शिरतं? माणूस आणि सामान वर-खाली कसं होतं? घाण कुठे जाते? शेवटचा प्रश्न लोक टाळतात, पण गाव खरं वाटायला तो फार उपयोगी पडतो.

पाताळपेठेची उत्तरं लिहायला घेतली की चित्रं आपोआप दिसू लागतात. चार मजले वर्षातून एकदा बुडत असतील तर तिथे लाकडी दारं टिकणार नाहीत, म्हणजे खाली नुसता दगड आणि वर लाकूड. धान्य सगळ्यांत वर. भिंतीवर पाण्याची रेघ दिसणार, तिच्याखाली शेवाळ आणि गाळाचा रंग, वर चुन्याचा पांढरा. उन्हाळ्यात तळ गार, म्हणून वैशाखात सगळ्यांना खाली जागा हवी आणि आषाढात सगळ्यांना वर. प्रत्येक कुटुंबाला दोन घरं लागतील. वर्षातून दोनदा सगळं गाव पायऱ्यांवर बिऱ्हाड घेऊन चढत-उतरत असेल. एका नियमातून इतकं निघालं आणि यातलं काहीही सजावट म्हणून जोडलेलं नाही.

बडोद्यात काय पाहायचं

खऱ्या जागेवरून रेखाटन करताना जागेची प्रत काढायची नाही, तिच्यातली युक्ती उचलायची. प्रत्येक पाच मिनिटांच्या रेखाटनाखाली "असं का?" याचं एका ओळीचं उत्तर लिहा. उत्तर सुचलं नाही तर अजून थोडा वेळ बघा.

लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात नवलखी वाव आहे आणि शहराबाहेर शेवासीची वाव. (राजवाड्याच्या आवारात वही उघडण्याआधी परवानगी विचारून घ्या.) वावेत दोन गोष्टी टिपा. पहिली, पायऱ्या उतरताना वर ठरावीक अंतरावर येणारे खांबांचे मंडप. ते सावली देतात आणि दोन्ही बाजूंच्या मातीच्या दाबाला आडवा आधारही देतात. दुसरी, जसजसं खाली जाऊ तसतशी मंडपांच्या मजल्यांची संख्या वाढते, कारण वरचा छताचा माथा जमिनीच्या पातळीवरच राहतो आणि पायरी खाली जाते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की कल्पनेतली बारव काढताना चूक होत नाही.

चांपानेरला पायऱ्या सरळ न जाता विहिरीच्या गोल भिंतीला लगटून फिरत खाली उतरतात, अशीही एक वाव आहे. तिथेच वर पावागढ दिसतो. ज्वालामुखीच्या खडकाचा हा डोंगर एकसारखा उतरत नाही. कडा, मग सपाटी, पुन्हा कडा, असा टप्प्याटप्प्याने येतो, कारण काही थर कठीण आणि काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजून मागे सरकला की वरचा कठीण थर कडा होऊन उभा राहतो. तुमच्या कल्पित डोंगराला असे टप्पे दिलेत तर वस्ती सपाटीवर आणि तटबंदी कड्यावर आपोआप बसते. चांपानेर-पावागढ २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. आवार मोठं आहे, पूर्ण दिवस ठेवा.

काळ्या घोड्याच्या पुलावरून विश्वामित्री नदी पाहा, पुलावरूनच. काठावर उतरू नका, नदीत मगरी आहेत आणि २०१९ व २०२४ च्या पुरांत त्या वस्तीतल्या रस्त्यांवरही आल्या होत्या. नदीने मऊ गाळाच्या मातीत खोल कोतरं, म्हणजे घळी, कापली आहेत, त्यामुळे पाणी शहरातून जातं तरी शहराला ते दिसत नाही. काठांचे चर, झाडांची उघडी मुळं, पूर ओसरल्यावर फांद्यांत अडकलेलं गवत हे सगळं टिपा. पाताळपेठेच्या बुडणाऱ्या मजल्यांना हेच लागणार आहे.

शहरात मांडवी. लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांकडून येणारे रस्ते जिथे मिळतात तिथे ही चौकोनी इमारत आहे, प्रत्येक बाजूला तीन कमानी. चार वाटांचं केंद्र म्हणजे काय, हे तिथे पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. सकाळी लवकर जा, नंतर उभं राहायला जागा मिळत नाही. रेखाटन करत बसलेल्या माणसाची बडोद्याला सवय आहे, १९५० मध्ये फाइन आर्ट्सची फॅकल्टी सुरू झाल्यापासून.

साहित्य

थोडकं ठेवा. २बी पेन्सिल, काळं बॉलपेन, एक जाड काळा मार्कर आणि एक मध्यम राखाडी. राखाडी मार्कर महाग वाटला तर एक चमचा काळ्या शाईत आठ चमचे पाणी घालून लहान बाटलीत भरा आणि जाड ब्रशने लावा. वाळल्यावर ती छटा फिकी होते, म्हणून आधी कागदाच्या तुकड्यावर लावून वाळू द्या आणि मगच पाणी कमी-जास्त करा. स्पिरिटचा मार्कर बॉलपेनच्या रेघेवरून फिरवला की रेघ पसरते आणि मार्करचं टोकही घाण होतं, तेव्हा आधी छटा, नंतर पेन. पानाखाली रद्दीचा कागद ठेवा. खोडरबर दप्तरातच राहू द्या. आणि एक घड्याळ हवं, गजर वाजणारं.

टॅबलेटवर काम करणाऱ्यांनी हीच शिस्त पाळायची. क्रिटा हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि या कामाला पुरतं. कडक कडेचा गोल ब्रश, अपारदर्शकता पूर्ण, तीनच छटा. बारा चौकटी एकाच वेळी पडद्यावर दिसतील इतकंच झूम ठेवा आणि ते बदलू नका. झूम केलं की ६ सेंटिमीटरची चौकट पुन्हा मोठा कॅनव्हास होते. पानं, दगड, ढग उमटवणारे तयार ब्रश या टप्प्यावर वापरू नका. ते पाच सेकंदांत "पूर्ण" दिसणारं चित्र देतात आणि ते चित्र बदलायला मग हात धजत नाही.

पहिलं पान: बारा चौकटी, चोवीस मिनिटं

प्रत्येक चौकटीला दोन मिनिटं. गजर वाजला की पुढची चौकट, मधली रेघ अर्धी राहिली तरी. पहिल्या अर्ध्या मिनिटात क्षितिजरेषा आणि सगळ्यांत मोठा आकार. पुढच्या मिनिटात दुसरा आणि तिसरा आकार, एकमेकांवर आलेले. शेवटच्या अर्ध्या मिनिटात सगळ्यांत गडद भाग काळ्या मार्करने भरा आणि एक माणूस टाका.

आपला हात कुठे घसरतो तेही माहीत असू द्या. शाळेत सगळ्यांनी काढलेलं चित्र आठवा: दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, तिथूनच निघालेली नदी, उजवीकडे झोपडी, डावीकडे नारळ. आपला हात घाईत असला की आजही तिथेच जातो, फक्त झोपडीच्या जागी मनोरा येतो. क्षितिज बरोबर मध्ये, मुख्य वस्तू बरोबर मध्ये, दोन्ही बाजू सारख्या आणि बघणारा माणूस नेहमी जमिनीवर, समोर उभा. बारा चौकटींत हे बाराही वेळा झालं तर ते एकच रेखाटन झालं.

म्हणून चौकटी आखतानाच प्रत्येकीखाली बघणारा कुठे आहे ते लिहून टाका. पाताळपेठेसाठी: १ वरच्या कठड्यावरून सरळ खाली. २ तळातल्या पाण्यातून वर. ३ मधल्या मंडपाच्या खांबाआडून. ४ नावेतून, पाण्याच्या पातळीवर. ५ पायऱ्यांवर, गर्दीच्या मागून. ६ समोरच्या सज्जातून. ७ दुरून, जमिनीवरून, जिथे गाव दिसतच नाही, फक्त एक भोक आणि त्यातून निघणारा चुलींचा धूर. ८ छोट्या कोनाड्यातून. ९ रात्री. १० पाणी चढलेलं असताना. ११ गाळ काढताना. १२ मोकळी, तेव्हा जे सुचेल ते.

साधारण पाचव्या चौकटीनंतर काही सुचत नाही, असं जवळपास प्रत्येकाला होतं. पहिल्या चार-पाच चौकटींत पाहिलेलं सगळं संपतं आणि खरी कल्पना सहाव्यानंतर सुरू होते. तिथे थांबू नका. सुचत नसेल तर मागच्या चौकटीतली एक गोष्ट उलटी करा: उंच ते बुटकं, उजेड तो अंधार, गर्दी ती सामसूम.

पान झालं की भिंतीला लावून दोन मीटरवरून बघा, डोळे किलकिले करून. ज्या चौकटीत काय आहे ते तेवढ्या अंतरावरूनही कळतं, तिच्यावर खूण करा. मोबाइलने काळा-पांढरा फोटो काढला तर हे आणखी लवकर दिसतं. मग दुसरी खूण वेगळ्या रंगाने, "इथे पुढे काय असेल?" असा प्रश्न पडतो त्या चौकटीला. दोन्ही खुणा एकाच चौकटीवर क्वचितच येतात. सुबक चौकट निवडून गूढ चौकट टाकून देणं ही निवडीतली सगळ्यांत मोठी चूक. दोन्ही ठेवा आणि पुढच्या पानावर त्यांची सांगड घाला.

छेद

बहुतेक जण आता थेट दुसऱ्या पानाकडे जातात आणि तिथेच गाव मोडतं. एका चित्रात जिना डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. एकात तीन मजले, दुसऱ्यात दहा. वाचकाला नेमकी चूक सांगता येत नाही, पण विश्वास उडतो. यावर उपाय म्हणजे चाळीस मिनिटांचा एक छेद. कलिंगड कापावं तसं गाव उभं कापायचं आणि कापलेली बाजू काढायची.

माप ठरवा: १ सेंटिमीटर म्हणजे ५ मीटर. पाताळपेठ ४० मीटर खोल धरू, प्रत्येकी ५ मीटरचे आठ मजले. कागदावर ८ सेंटिमीटर. पायऱ्यांची उतरण १०० मीटर आणि शेवटची विहीर २० मीटर रुंद, मिळून १२० मीटर, कागदावर २४ सेंटिमीटर. आडव्या ए-फोरवर आरामात बसतं. तुलनेसाठी पाटणची राणी की वाव साधारण ६५ मीटर लांब आणि २८ मीटर खोल आहे. आपलं गाव तिच्या दुप्पट लांबीच्याही आत राहिलं, म्हणजे कल्पित असूनही हाताला धरून आहे.

पायरी २० सेंटिमीटर उंच धरली तर ४० मीटरला २०० पायऱ्या. हा आकडा लगेच गोष्ट सांगू लागतो. डोक्यावर हंडा घेऊन २०० पायऱ्या कोण चढेल? म्हणजे मध्ये टप्पे हवेत, टप्प्यांवर टेकायला दगडी ओटे हवेत, ओट्यांशी ताकवाली बसेल. जड सामानासाठी विहिरीच्या तोंडावर रहाट हवा, आणि रहाट ज्याच्या ताब्यात तो गावातला वजनदार माणूस.

आता छेदावर पाण्याच्या दोन रेघा मारा. उन्हाळ्यात पाणी सगळ्यांत खालच्या मजल्यात, पावसाळ्यात चार मजले वर. दोन रेघांमधला पट्टा हलका राखाडी करा. त्या पट्ट्यात कापड, कागद, लाकूड, चूल, धान्य काहीही कायमचं नाही, फक्त दगड, लोखंडी कड्या आणि नावा बांधायच्या खुंट्या. इथून पुढच्या प्रत्येक चित्रात हा पट्टा तपासायचा.

तिसरी रेघ उन्हाची. गाव बडोद्याच्याच अक्षांशावर, म्हणजे २२.३ अंश उत्तरेला आहे असं धरलं तर डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४४ अंश वर असतो. विहीर दक्षिणोत्तर २० मीटर रुंद असेल तर दक्षिणेच्या काठावरून आत शिरलेलं ऊन समोरच्या भिंतीवर १९ मीटरच खाली पोचतं, म्हणजे चौथ्या मजल्यापाशी संपतं. जूनमध्ये मात्र सूर्य जवळपास डोक्यावर येतो आणि दुपारी थोडा वेळ ऊन थेट तळाला लागतं. गावात सण कधी असावा हे ठरवायला याहून चांगलं कारण मिळणार नाही: तळाला ऊन लागायचा दिवस. कोन मोजायचा कंटाळा असेल तर कंपासपेटीतला कोनमापक छेदावर ठेवा आणि रेघ ओढा, तीस सेकंदांचं काम.

छेदाच्या शेजारी वरून दिसणारा साधा नकाशा, अंगठ्याएवढा. उत्तर कुठे ते लिहा. बस, छेद झाला. तो सुंदर असायची गरज नाही, पण तो समोर चिकटवून ठेवल्याशिवाय पुढचं पान सुरू करू नका.

दुसरं पान: तीन छटा

आता सहाच चौकटी, ९ बाय ६ सेंटिमीटरच्या, प्रत्येकीला आठ मिनिटं. पहिल्या पानातल्या खुणा केलेल्या चौकटी इथे पुन्हा काढायच्या, पण फक्त तीन छटांत: कागदाचा पांढरा, मध्यम राखाडी, काळा. चौथी छटा नाही, रेघांची जाळी नाही.

तिघांचं प्रमाण सारखं ठेवलं की चित्र गोधडीसारखं ठिगळठिगळ दिसतं. एक छटा निम्म्याहून जास्त घ्या, दुसरी साधारण तिसरा हिस्सा आणि तिसरी दहाव्या भागाएवढी. जी सगळ्यांत कमी, तिच्याकडे डोळा सगळ्यांत आधी जातो. म्हणून ती कुठे ठेवायची ते आधी ठरवा. तळातून वर पाहणाऱ्या चौकटीत काळं सगळ्यांत जास्त आणि आकाशाचा पांढरा चौकोन सगळ्यांत छोटा, मग माणसाची आकृती त्या पांढऱ्यावरच यायला हवी.

खोली दाखवायची नेहमीची युक्ती अशी शिकवतात की दूरचं फिकट आणि जवळचं गडद. उघड्या माळावर ते बरोबर आहे. बडोद्यात मे महिन्याच्या धुळीत लांबची झाडं खरंच फिकट होतात. बारवेत मात्र उलट होतं. जितकं खोल तितका उजेड कमी, तेव्हा दूरचं तेच गडद. ही गोष्ट न ओळखता सवयीने तळ फिकट केला की विहीर खोल न वाटता धुक्याने भरलेली वाटते. गुहा, बोगदा, दाट जंगल, अरुंद बोळ या सगळ्यांना हाच न्याय. प्रत्येक चौकटीआधी विचारा: इथे अंतर हवेने भरलंय की अंधाराने?

गजर वाजेपर्यंत वेळ उरला तर तपशील वाढवू नका. त्याच चौकटीच्या शेजारी छटा उलट करून दुसरी काढा. दिवसाचं चित्र रात्रीचं होतं आणि कितीदा तेच जास्त बोलतं.

मावळा आणि दरवाजा

दिवाळीतला किल्ला आठवा. माती, विटा, पोती, अळीव पेरलेले डोंगर आणि मग बाजारातून आणलेला मावळा, जो महादरवाज्यापेक्षा उंच असतो. अंगणात ते गोड दिसतं, पण काल्पनिक जागेच्या रेखाटनात हीच चूक गाव पाडते, कारण तिथे माणूस हीच एकमेव फूटपट्टी असते.

४ सेंटिमीटर उंच चौकटीत २ मिलिमीटरचा माणूस काढला तर चौकट वीस माणसं उंच झाली, म्हणजे सुमारे ३३ मीटर. माणूस ८ मिलिमीटरचा केला की तीच भिंत ८ मीटरवर आली. जागा भव्य करायची असेल तर भिंत वाढवू नका, माणूस लहान करा. त्याला उघड्या मैदानात एकटा न ठेवता दाराशी, कठड्याशी, पायरीवर ठेवा. कठडा कंबरेइतका, दार डोक्याहून थोडं उंच, पायरी नडगीच्या निम्म्याइतकी. या तीन गोष्टी बघणाऱ्याच्या अंगात आधीच मुरलेल्या असतात.

यथार्थदर्शनाचं (पर्स्पेक्टिव्हचं) गणित या आकारात एवढंच लागतं. बघणारा चौकातच उभा असेल तर त्याच्याएवढ्या उंचीच्या सगळ्यांचे डोळे क्षितिजरेषेवर येतात, जवळचे असोत की लांबचे. बघणारा दोन मजले वर असेल तर त्याचा डोळा चौकापासून साडेअकरा मीटरवर आला. तेव्हा चौकातल्या कुणाच्याही पायापासून क्षितिजरेषेपर्यंतचं अंतर त्या माणसाच्या सातपट हवं. माणूस ३ मिलिमीटरचा असेल तर २१, आणि २ मिलिमीटरचा असेल तर १४. एवढं सांभाळलं की माणसं हवेत तरंगत नाहीत.

पायऱ्यांवर सगळे अडखळतात, म्हणून थोडं सविस्तर. खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांचा लोपबिंदू, म्हणजे लांब जाणाऱ्या समांतर रेषा चित्रात जिथे मिळताना दिसतात तो बिंदू, क्षितिजाच्या खाली असतो, बाकीच्या आडव्या रेषांच्या लोपबिंदूच्या सरळ खालच्या रेषेत. किती खाली? पाताळपेठेचा उतार १०० मीटरला ४० मीटर आहे. ६ सेंटिमीटर रुंदीची चौकट तितक्याच, म्हणजे ६ सेंटिमीटरच्या अंतरावरून पाहतो असं धरा. मग तो बिंदू क्षितिजाच्या ६ गुणिले ०.४, म्हणजे २.४ सेंटिमीटर खाली येतो. चौकट ४ सेंटिमीटरचीच आहे, म्हणजे क्षितिज वरच्या कडेपासून सेंटिमीटरभरावर घ्यावं लागेल, नाहीतर जिना चौकटीबाहेर जाईल. शिवाय वरून उतरणीकडे पाहताना पायरीची फक्त आडवी बाजू दिसते, उभी बाजू आपल्याकडे पाठ करून असते. सवयीने दोन्ही काढल्या की उतरता जिना चढता दिसू लागतो. तळातून वर पाहताना उलट: उभ्या बाजू सगळ्या दिसतात, आडव्या फक्त डोळ्याखालच्या पायऱ्यांच्या.

एकच जागा, चार वेळा

गाव पाहुण्याला दिसतं तसं न दिसता राहत्या माणसाला दिसतं तसं दिसायला हवं असेल तर नवी जागा काढण्याआधी तीच जागा चार वेळा काढा. दुसऱ्या पानातली एक चौकट निवडा, समजा मधला मंडप. ट्रेसिंग पेपरने मोठे आकार उतरवून घ्या आणि चैत्र, आषाढ, कार्तिक, पौष असे चार ऋतू करा, प्रत्येकी दहा मिनिटं. आषाढात मंडप बेट होतो आणि जिथे खाटा होत्या तिथे नावा येतात. कार्तिकात पाणी उतरलंय, खांबांवर ओली रेघ आहे, बायका-पुरुष टोपल्यांनी गाळ काढताहेत. कडाक्याच्या पौषात ऊन वरच्याच मजल्यांवर, म्हणून म्हातारी माणसं आणि वाळवणं सगळी तिकडे. काय बदललं याइतकंच काय बदललं नाही तेही दिसतं, आणि जे चारही चित्रांत टिकलं तोच त्या जागेचा खरा आकार.

गावातल्या बाकीच्या जागा, म्हणजे बाजार, देऊळ, धान्याचं कोठार, गाळ टाकायची जागा, याच पद्धतीने पण भराभर. सगळीकडे एक आकार पुन्हापुन्हा वापरा. पाताळपेठेत तो खाली निमुळता होत जाणारा पायऱ्यांचा त्रिकोण आहे: दिवा ठेवायचा कोनाडा तसाच, दुकानाच्या फळ्या तशाच, डोक्यावरची टोपीसुद्धा तशीच, उलटी. आकार उसना घ्यायला हरकत नाही, कारण मात्र तुमच्या जगातलं हवं. लक्ष्मीविलास राजवाड्यात, जो १८९० मध्ये पूर्ण झाला, घुमट, कमानी आणि युरोपी मनोरे एकत्र नांदतात, कारण एका राजाला तसं हवं होतं आणि त्याच्याकडे साधनं होती. पाताळपेठेत घुमट काढायचा झाला तर तो तिथे कोणी, कशाच्या पैशांनी आणि पाण्याच्या रेघेच्या किती वर बांधला, हे आधी छेदावर दाखवता आलं पाहिजे.

मोठं चित्र कधी सुरू करायचं? छेद न बघता गावातल्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची वाट तोंडी सांगता आली की. तोवर साधारण तीस चौकटी झालेल्या असतात आणि सगळा मिळून एखादा दिवस गेलेला असतो. निवडलेली चौकट मोबाइलवर मोठी करून ए-थ्रीवर उतरवून घ्या आणि तिचे छटांचे डाग जसेच्या तसे ठेवा. मोठं करताना ते सगळ्यांत आधी बिघडतात, कारण प्रत्येक रिकाम्या जागेत काहीतरी भरावंसं वाटतं. म्हणून लहान चौकट कागदाच्या वरच्या कोपऱ्यात टाचून ठेवा आणि दर अर्ध्या तासाने दोन्ही एकदम दोन मीटरवरून पाहा. मोठं चित्र लहान चौकटीपेक्षा अस्पष्ट दिसलं तर शेवटच्या अर्ध्या तासात भरलेलं काढून टाका.

रद्द केलेली पानं फेकू नका. मागे तारीख, नियमाचं वाक्य आणि चौकटींचे क्रमांक लिहून फायलीत लावा. पहिल्या पानावरची सातवी चौकट, जिच्यात गाव दिसतच नाही आणि माळावर फक्त एक भोक आणि धूर आहे, ती गोष्टीच्या पहिल्या पानासाठी लागेल.